उघडल्याची तारीख

पाहुणे गेल्यानंतर रात्री उशिरा पेले विसळायला घेतले, तेव्हा त्यांतला एक भरलेला निघाला. बाकीच्या पेल्यांच्या तळाशी बर्फाचे पाणी, संत्र्याच्या सालीचा वळलेला तुकडा किंवा काठावर ओठांची पुसट खूण एवढेच उरले होते. हा मात्र काठापासून जेमतेम बोटभर खाली होता. त्यातले ऑलिव्ह तेवढे खाल्लेले होते आणि ते ज्या काडीला टोचले होते, ती काडी कागदी रुमालाच्या घडीवर अगदी सरळ ठेवलेली होती. त्या काडीवरूनच पेला कोणाचा ते मला कळले. माझ्या पहिल्या नोकरीत ज्यांच्या हाताखाली मी सात वर्षे काढली, त्या मॅडम निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या होत्या. मसुद्यातल्या एका चुकीच्या स्वल्पविरामासाठी अख्खे पान परत पाठवणाऱ्या या बाई. त्यांनी माझी मार्टिनी, म्हणजे जिन आणि व्हर्मूथचे कॉकटेल, ओठांना लावली, त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय हो." मी खूश होऊन पुढच्या पाहुण्याकडे वळलो होतो.

आता ओट्यापाशी उभा राहून मी त्या पेल्यातला एक घोट घेतला. पेय कोमट झालेले असणार हे धरूनच चाललो होतो, पण दोष तेवढाच नव्हता. जिनमधला जुनिपरच्या फळांचा वास जागेवर होता. त्याच्यामागून मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याचा, चिरून तासभर उघड्यावर राहिलेल्या सफरचंदाचा वास येत होता आणि घोट उतरल्यावर जिभेच्या कडांना एक मरगळलेला आंबटपणा चिकटून राहत होता. फडताळातून कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, व्हर्मूथची बाटली काढली. ती निम्म्याहून अधिक रिकामी होती. ती केव्हा उघडली हे आठवू लागलो, तेव्हा मधे निदान आठ महिने गेल्याचे लक्षात आले. आठ महिने ती बाटली दिव्याखाली, उबेत, झाकण सैल लावलेल्या अवस्थेत शोभून दिसत होती.

छान झालंय हो.

ते फडताळ मी फार हौसेने मांडले होते. सुरुवात भेट मिळालेल्या एका शेकरपासून, म्हणजे पेय हलवून मिसळायच्या भांड्यापासून, झाली, आणि पुढे जे होते ते सगळ्यांचेच होत असावे: एखादी कृती वाचनात यावी, तिच्यात आपल्याजवळ नसलेली एकच वस्तू असावी आणि त्या एका वस्तूसाठी अख्खी बाटली घरात यावी. अ‍ॅव्हिएशन या कॉकटेलची १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये छापलेली कृती अशीच माझ्या मागे लागली. जिन, लिंबाचा रस, चेरीपासून केलेली माराश्चिनो लिक्युर (लिक्युर म्हणजे गोडसर मद्य) आणि व्हायलेटच्या फुलांची जांभळी लिक्युर. मिश्रणाला संध्याकाळ सरत असतानाच्या आकाशासारखा फिका निळसर-जांभळा रंग येतो, असे वर्णन वाचले आणि मला राहवले नाही. ही जांभळी लिक्युर एका पेल्याला चमचाभर लागते आणि थोडी जास्त पडली की सगळ्या पेयाला साबणाचा वास येतो. सातशे मिलिलिटरच्या बाटलीत असे शंभराहून अधिक पेले होतात. मी तीन केले. त्यांतल्या दोन पेल्यांना साबणाचा वास येत होता. बाटली मात्र दिव्यासमोर इतकी देखणी दिसे की तिला मी मधोमध जागा दिली होती. तिच्या दोन्ही बाजूंना उंचीनुसार उतरत जाणाऱ्या रांगा होत्या, मागे आरसा होता, त्यामुळे तेवीस बाटल्यांच्या शेहेचाळीस होत असत. पाहुणे आले की त्यांची नजर आधी तिकडे जावी, अशा बेताने मी त्यांना बसवत असे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

त्या रात्रीनंतर काही दिवसांनी मी सगळ्या बाटल्या जमिनीवर उतरवल्या आणि गेल्या वर्षभरात कोणती किती उतरली आहे ते पाहिले. जिन, व्हिस्की, पांढरी रम, दोन प्रकारच्या व्हर्मूथ, एक संत्र्याची लिक्युर, एक कडू लाल आपेरितिफ (जेवणाआधी घ्यायचे मद्य) आणि बिटर्स या थेंबाथेंबाने घालायच्या कडू अर्काची छोटी कुपी, एवढ्यांचीच पातळी खाली गेली होती. बाकीच्या पंधरा बाटल्या मानेपर्यंत भरलेल्या होत्या. त्यांच्या खांद्यांवर धुळीचा चिकट थर होता. नवख्या माणसाने काय आणावे असे मला आता कोणी विचारले, तर मी एकच सांगतो: जी बाटली निदान तीन पेयांत कामाला येत नाही, तिला दारातूनच परत पाठवावे. कडू लाल आपेरितिफ, गोड व्हर्मूथ आणि जिन समप्रमाणात घेतली की नेग्रोनी होते. तीच गोड व्हर्मूथ व्हिस्कीबरोबर मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये जाते. तीच व्हिस्की साखर आणि बिटर्सच्या दोन-तीन शिंतोड्यांनी ओल्ड फॅशन्ड होते. एक बाटली दुसरीचा हात धरून चालते. जांभळी लिक्युर एकटीच उभी होती.

१८०६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील एका वृत्तपत्राने वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापले होते: कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. ही व्याख्या मी पूर्वी अनेकदा वाचली होती आणि प्रत्येक वेळी मद्य व बिटर्स या दोन शब्दांपाशीच माझी नजर थांबली होती. बाटल्या जमिनीवर मांडून बसलो असताना 'पाणी' हा शब्द पहिल्यांदाच मनात रुतला. चारांतल्या दोन वस्तू, साखर आणि पाणी, फडताळात ठेवण्याजोग्या नाहीतच. आणि माझ्या मार्टिनीत जे बिघडले होते, तेही फडताळात ठेवायची वस्तू नव्हती.

व्हर्मूथ ही मुळात वाइन. तिच्यात थोडे मद्यार्क घालून ताकद वाढवलेली असते आणि मुळ्या, साली, पाने यांचा अर्क उतरवलेला असतो. तिचे नावच वेर्मुट या जर्मन शब्दावरून आले आहे आणि तो शब्द दवण्याच्या जातकुळीतल्या एका कडू वनस्पतीचा आहे. १७८६ साली आजच्या इटलीतल्या तुरीन शहरात अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने आजच्या धर्तीची गोड व्हर्मूथ पहिल्यांदा विकायला आणली असे मानतात. जिन किंवा व्हिस्कीत चाळीस टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असते, त्यामुळे त्या उघडल्यावरही दीर्घकाळ टिकतात. व्हर्मूथमध्ये ते सोळा ते अठरा टक्के. ती जिनच्या शेजारी उभी राहिली तरी जिनची बहीण नव्हे, हवा लागली की तिचा रंग आणि सुगंध दोन्ही उतरू लागतात. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि एक-दोन महिन्यांत संपवावी, एवढा साधा नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. ठाऊक होता. फ्रिजमध्ये ठेवली असती तर फडताळाच्या रांगेत खिंडार पडले असते.

इथे मला वडिलांची आठवण आली, आणि ती अशा ठिकाणाहून आली की ज्याचा मद्याशी काही संबंध नाही. वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता. रविवारी दुपारी ते न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून तिथेच डार्करूम करत. लाल दिव्याच्या उजेडात तीन ट्रे, एक चिमटा, भिंतीला टेकवलेली फळी आणि फळीवर तपकिरी बाटल्यांची रांग. मला आत येण्याची परवानगी होती, बोलण्याची नव्हती. कोरा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सरकवला की ते ट्रेची एक कड हलकेच उचलत आणि सोडत, उचलत आणि सोडत, आणि पांढऱ्यातून आधी केस, मग भुवया, मग एखादे खुर्चीचे पाठ वर येई. त्या बाटल्यांवर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठ्या असत: द्रावण कोणते, आणि त्याखाली उघडल्याची तारीख. डेव्हलपरलाही हवेचे वावडे असते. बाटली अर्धी झाली की वरच्या मोकळ्या जागेतली हवा उरलेले द्रावण नासवते. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे माझ्या काचेच्या गोट्या. दोन-चार आठवड्यांनी ते माझ्याकडे गोट्या मागायला येत, त्या धुऊन एकेक करून बाटलीत सोडत आणि द्रावण मानेपर्यंत चढले की झाकण घट्ट लावत. खेळायला गोट्या उरत नाहीत म्हणून मी रडलो होतो तेही आठवते. "हवा बाटलीत बसून खाते," असे ते म्हणत, आणि मला बाटलीत मांडी घालून जेवायला बसलेली हवा दिसत असे.

मी आता व्हर्मूथ उघडल्या दिवशीच दोन लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवतो. एक संपल्यावर दुसरी उघडतो. दोन्हींवर चिठ्ठी असते. गोट्या घालून पाहण्याचा मोह झाला होता, पण त्या कुठे मिळाल्या नाहीत, आणि मिळाल्या असत्या तरी पाहुण्यांना ते समजावून सांगणे कठीण गेले असते.

व्हर्मूथमागोमाग मी बर्फाकडे वळलो, आणि तिथे बराच काळ रमलो. बर्फ म्हणजे पेय गार करायची वस्तू, एवढीच माझी समजूत होती. बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो, आणि वितळल्यावर तेच पाणी एका अंशाने तापताना केवळ ४.२ ज्यूल घेते. म्हणजे पेय थंड होणे आणि पातळ होणे या वेगळ्या गोष्टी नाहीत. पाणी शिरल्याशिवाय गारवा येत नाही. मद्यार्कामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो, त्यामुळे शून्य अंशाच्या बर्फानेही ते शून्याच्या खाली जाते. जिन आणि व्हर्मूथ बर्फावर अर्धा मिनिट ढवळली की मूळ मिश्रणाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी त्यात उतरते, आणि तेच त्या कृतीतले न लिहिलेले द्रव्य असते. मधे एकदा मी शहाणपणा करून जिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. चाळीस टक्क्यांचे मद्य घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही; ते तेलासारखे दाट होते आणि बाटलीवर सुंदर दव धरते. त्या जिनची मार्टिनी केली तर ती घशाला ओरखडे काढत गेली. जिन आधीच इतकी गार होती की बर्फ वितळलाच नव्हता. पाणी कमी पडले होते. अखेर मापाने दोन चमचे पाणी घातले तेव्हा तिच्यातली लिंबाची साल आणि धन्याचा वास मोकळा झाला. मद्यात पाणी घालणे म्हणजे फसवणूक, हे लहानपणापासून कानांवर पडलेले असल्याने मी तो चमचा काहीशा चोरट्या मनाने घातला.

बर्फाला वासही लागतो, हे मला फार उशिरा समजले. फ्रीझरमध्ये उघड्या साच्यात आठवडाभर राहिलेला बर्फ शेजारच्या डब्यांतले सगळे वास पिऊन बसतो. असा खडा नुसता तोंडात धरून पाहावा, म्हणजे कळते. आता मी साच्यावर झाकण ठेवतो आणि जुना बर्फ झाडांना घालतो. काचेसारख्या पारदर्शक बर्फाचेही वेड लागले होते. साच्यात पाणी सर्व बाजूंनी गोठते, आणि विरघळलेली हवा मधोमध कोंडून पांढरा ढग होतो. थर्मासच्या पेटीसारख्या उष्णतारोधक डब्यात पाणी भरून वरचे तोंड उघडे ठेवले, तर ते फक्त वरून खाली गोठत जाते आणि हवा तळाकडे ढकलली जाते. कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकाने २००९ मध्ये ही पद्धत दाखवून दिली. पूर्ण गोठण्याआधी लादी बाहेर काढायची, तळाचा ढगाळ भाग करवतीने तोडायचा आणि उरलेल्याचे ठोकळे करायचे. रात्री साडेअकरा वाजता पंचा गुंडाळलेली लादी पोटाशी धरून मी करवत चालवत होतो, तेव्हा घरातल्या माणसांनी मला काहीही विचारले नाही. ते न विचारणेच बोलके होते. ठोकळा सुरेख झाला. त्यात चव नव्हती, वास नव्हता, आणि पेल्यात पडल्यावर तो दिसेनासा झाला. इतक्या कष्टाने केलेली वस्तू दिसू नये यातच तिचे यश, हे मला फडताळवाल्या दिवसांत सहन झाले नसते.

अवजारांविषयी फार सांगण्यासारखे नाही. भेट मिळालेला तीन तुकड्यांचा शेकर गार झाला की त्याचे टोपण आवळून बसे; चार जणांसमोर मी ते गुडघ्यांत धरून ओढत होतो आणि आत बर्फ विरघळून लिंबाचे सरबत होत होते. त्यानंतर एकात एक बसणारे दोन साधे पेले घेतले, ज्यांना तळहाताची एक थाप पुरते. लिंबाचा रस असेल तर हलवावे, सगळीच मद्ये असतील तर ढवळावे, हा नियम मी सहसा पाळतो. मापाच्या दुतोंडी पेल्याला जिगर म्हणतात. ते नसले की हात मोकळा सुटतो, आणि माझा हात नेहमी एकाच दिशेने सुटतो हे मी पडताळून पाहिले आहे: यजमानाच्या उत्साहात साठ मिलिलिटरचे पंच्याहत्तर होतात. समोरच्याला वाटते पेय कडक आहे. खरे तर ते चुकलेले असते.

लिंबू आयत्या वेळी पिळावे. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी आंबट असतो, पण त्याच्यातली धार गेलेली असते. साखरेचा पाक समभागाने, तार येऊ न देता केलेला, फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. दोन भाग साखरेला एक भाग पाणी घेतले तर त्याहून अधिक. त्यावरही आता तारखेची चिठ्ठी असते. बिटर्सच्या कुपीवर मात्र नसते. १८२४ साली व्हेनेझुएलात स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याच्या सैन्यातल्या योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टराने अंगोस्तुरा गावी सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर काढलेले ते औषध, त्यात ४४.७ टक्के मद्यार्क असते आणि एका पेल्यात त्याचे दोन-तीन शिंतोडे पडतात, त्यामुळे कुपी वर्षानुवर्षे पुरते आणि बिघडत नाही. बाटलीपेक्षा मोठे लेबल लावलेली ती कुपी वडिलांच्या फळीवर ठेवली असती तर परकी वाटली नसती.

पंधरा बाटल्यांपैकी नऊ मी हळूहळू इतरांना देऊन टाकल्या. प्रत्येक बाटली देताना हलके वाटले आणि त्याच रात्री फडताळातली रिकामी जागा पाहून चुटपुटही लागली. एका गोष्टीचा मात्र अंदाज नव्हता. तेवीस बाटल्या होत्या तेव्हा मी पुष्कळदा एखादा पेला केवळ बाटली समोर आहे म्हणून करत असे. आता पेला करायचा तर बर्फ पाहावा लागतो, लिंबू आहे का ते पाहावे लागते, व्हर्मूथच्या चिठ्ठीवरची तारीख वाचावी लागते, आणि एवढ्या वेळात बहुधा लक्षात येते की मला तहान लागलेली आहे, एवढेच. मग मी पाणी पितो. ज्यांना मद्य नको असते त्यांच्यासाठीही पूर्वी माझ्याकडे फोडलेल्या पाकिटातला कुठलातरी रस असे, तो मी त्यांना क्षमा मागितल्यासारखा देत असे. आता ताजे लिंबू, पाक, चिमूटभर मीठ, सोडा आणि तो न दिसणारा ठोकळा एवढे मिळून बऱ्यापैकी काहीतरी होते. निदान ते ठेवताना माझी मान खाली जात नाही.

मॅडम अलीकडे पुन्हा आल्या. मी मार्टिनीच केली. व्हर्मूथ नऊ दिवसांची होती, पेला फ्रीझरमधला होता, चाळीस वेळा ढवळले, पिवळ्या लिंबाची साल पेल्यावर धरून पिळली तेव्हा तेलाचा बारीक तवंग पृष्ठभागावर पसरताना दिसला. त्यांनी घोट घेतला आणि पूर्वी एखादे टिपण वाचताना थांबत तशा त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. बोलणे त्यांच्या नातवाकडे गेले, मग गुडघ्यांकडे, मग कार्यालयाच्या जुन्या इमारतीकडे. मी पेल्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो. तासाभराने निघताना त्यांनी विचारले, "ते ऑलिव्ह कुठून आणतोस रे?"

त्या गेल्यावर पाहिले तर पेल्यात तिसरा हिस्सा उरला होता आणि काडी पुन्हा सरळ ठेवलेली होती. मी तो घोट घेतला. कोमट झाला होता, पण त्यात काही बिघडले नव्हते. लिंबाच्या सालीचा वास अजून होता. ओट्यापाशी उभ्याउभ्याच मी तो संपवला, पेला विसळून पालथा घातला आणि त्यांच्यासाठी ऑलिव्हची बरणी वेगळी काढून ठेवली. तिच्यावरही उघडल्याची तारीख घातली.